गोठलेल्या तळ्यावरचा वाटाड्या

— द्वितीय वर्ष, कला

पाण्यावरून चालत जाणे हा आपल्याकडे कथा-कीर्तनांतल्या चमत्काराचा विषय आहे. युरोपच्या उत्तर टोकाला, फिनलंड देशाच्या लॅपलंड प्रांतात, मात्र वर्षातले सहा महिने शाळेतली पोरेसुद्धा तळ्यावरून पायी पलीकडे जातात आणि त्याचे कुणाला नवल वाटत नाही. हल्ली जगभरचे प्रवासी हा अनुभव घेण्यासाठी ऐन हिवाळ्यात तिकडे जातात. दिवसभराची अशी एक सहल असते. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायचे, पायांना रुंद जाळीचे जोडे बांधून रानातून चालायचे आणि रात्री आकाशातला ध्रुवप्रकाश पाहायचा, असे तिचे तीन भाग. या तिन्ही भागांत एक माणूस सतत सर्वांच्या पुढे असतो. तो म्हणजे वाटाड्या.

ही सहल वरवर पाहता हौसेची वाटते. पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट निसर्गाच्या एकेका नियमावर उभी आहे, आणि तो नियम ज्याला कळतो त्याच्या हाती बाकीच्यांचा जीव असतो. हे कसे, ते समजावून सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. मी स्वतः तिकडे गेलेली नाही, हे आधीच सांगते. आकाशातून पडणाऱ्या गारांखेरीज दुसरा बर्फ मी पाहिलेला नाही. जे लिहिले आहे ते वाचून, विचारून आणि समजून घेऊन.

आणखी एक खुलासा. पाणी गोठून झालेला कठीण थर आणि आकाशातून पडणारा भुसभुशीत कापूस, या दोहोंना आपण बोलताना 'बर्फ' असेच म्हणतो. त्या प्रदेशात हे दोन पदार्थ अगदी वेगळे मानतात आणि त्यांचा फरक न कळणे जिवावर बेतू शकते. म्हणून या लेखापुरते कठीण थराला 'बर्फ' आणि भुसभुशीत पदार्थाला 'हिम' म्हणू.

स्थळ आणि काळ

आपण उदाहरणादाखल इनारी हे ठिकाण घेऊ. ते ६९ अंश उत्तर अक्षांशाजवळ, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. आपले अलिबाग १८ अंशांवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अंतराची कल्पना येईल. इनारी तळे फिनलंडमधले तिसऱ्या क्रमांकाचे मोठे तळे होय. त्याचे क्षेत्रफळ १,००० चौरस कि.मी.हून अधिक असून त्यात तीन हजारांवर लहानमोठी बेटे आहेत. साधारणतः नोव्हेंबरात ते गोठते आणि मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये मोकळे होते.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून सुमारे पाच आठवडे तेथे सूर्य उगवतच नाही. परंतु त्याचा अर्थ चोवीस तास मिट्ट काळोख असा नव्हे. दुपारच्या सुमारास सूर्य क्षितिजाच्या थोडाच खाली असतो, त्यामुळे काही तास आपल्याकडच्या पहाटेसारखा निळसर उजेड पडतो आणि हिमावर परावर्तित होऊन तो वाढतो. सहलीचा मासेमारीचा भाग याच उजेडात उरकून घेतात. थंडी शून्याखाली दहा ते तीस अंश असणे ही तिथली नेहमीची गोष्ट. २८ जानेवारी १९९९ रोजी लॅपलंडमधील कित्तिला भागातल्या पोक्का या खेड्यात पारा शून्याखाली ५१.५ अंशांपर्यंत उतरला होता.

बर्फ का तरंगतो?

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात आणि जड होतात. पाणीही तसेच वागते, पण फक्त चार अंश सेल्सिअसपर्यंत. त्याखाली ते पुन्हा फुगू लागते आणि गोठताना तर सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो आणि तरंगतो. शाळेत हे वाक्य आपण सर्वांनी घोकले आहे. परीक्षेत दोन गुण मिळवून देणाऱ्या या वाक्यावर इनारीची माणसे आणि मासे जगतात, हे मात्र कुणी सांगितले नव्हते.

शरद ऋतूत तळ्याचे वरचे पाणी थंड होते, जड होऊन तळाशी जाते, आणि खालचे वर येते. असे ढवळणे सर्व पाणी चार अंशांवर येईपर्यंत चालते. त्यानंतर वरचे पाणी आणखी थंड झाले तरी खाली जात नाही, कारण आता ते हलके असते. ते वरच गोठते. तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी राहते. बाहेर शून्याखाली तीस अंश असताना तळातला मासा चार अंशांच्या 'उबेत' असतो! पाणी उलट वागते आणि बर्फ बुडाला असता, तर तळी बुडापासून गोठत आली असती आणि त्यांत मासा उरला नसता.

दुसरी गोष्ट श्वासाची. थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो. तीस अंशांच्या पाण्यापेक्षा शून्याजवळच्या पाण्यात जवळजवळ दुप्पट. ढवळण्याच्या काळात हा प्राणवायू तळापर्यंत पोचतो, आणि मोठ्या, खोल तळ्यात तो हिवाळाभर पुरतो. उथळ तळ्यांत कधी कधी पुरत नाही आणि तिथले मासे वसंतापूर्वीच गुदमरतात.

बर्फाची परीक्षा

आता बर्फ तरंगतो, पण तो माणसाला पेलेल का? फिनलंडमध्ये याचे ठोकताळे ठरलेले आहेत. एकट्या चालणाऱ्या माणसाला पाच सें.मी. जाडीचा टणक बर्फ पेलतो. मंडळी अधिक असली तर दहा सें.मी. लागतो, हिमावर चालणाऱ्या मोटारसायकलीला पंधरा आणि मोटारीला वीस सें.मी.हून जास्त. पण आकडा पाठ केला म्हणजे झाले, असे नाही. हा आकडा शांत पाण्यावर थेट गोठलेल्या, काळसर पारदर्शक बर्फासाठी आहे. हिम भिजून गोठल्याने जो दुधी, पांढरा बर्फ होतो, त्याची ताकद अंदाजे निम्मीच असते. म्हणजे बर्फाची नुसती जाडी पाहून भागत नाही, त्याचा रंगही पाहावा लागतो.

शिवाय सगळे तळे एकसारखे गोठत नाही. दोन बेटांमधली चिंचोळी जागा, ओढ्याचे मुख, लव्हाळ्यांचा पट्टा, पाण्यातून डोके काढलेला खडक, इथे प्रवाहामुळे किंवा उष्णतेमुळे बर्फ पातळ राहतो. त्यावर हिम पडले की सगळे एकच पांढरेशुभ्र अंगण दिसते. हिमात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते गोधडीचे काम करते. वरची थंडी खाली पोचू देत नाही आणि बर्फाची वाढ मंदावते. म्हणजे हिम धोका झाकते आणि वाढवतेही.

म्हणून वाटाड्या पुढे चालतो आणि हातातल्या पहारीने दर काही पावलांवर ठोका मारून पाहतो. बर्फाचा आवाज, ठोक्याला येणारा प्रतिसाद, पहार किती रुतते, यावरून तो पुढचे पाऊल टाकायचे की नाही ते ठरवतो. प्रत्येकाच्या गळ्यात दोन टोकदार दाभणे दोरीने अडकवलेली असतात, तीही मुठी असलेली. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडलाच, तर गुळगुळीत कडेवर नुसते हात टिकत नाहीत. दाभणे रोवून स्वतःला वर ओढावे लागते. ओढताना जिकडून आलो तिकडेच तोंड करायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपल्याला एकदा पेललेले असते. वर आल्यावर उभे राहायचे नाही. लोळत लोळत दूर जायचे, म्हणजे वजन पसरते. गार पाण्यात पडताच पहिले मिनिटभर श्वास आवरत नाही, त्या वेळी धडपड न करता श्वास ताब्यात येऊ देणे महत्त्वाचे, असेही वाटाड्या सहलीच्या आरंभीच सांगतो. मौजेच्या दिवशी हे ऐकायला कुणाला आवडत असेल? तरी तो आधी हेच सांगतो.

भोक, गळ आणि झारा

जागा ठरली की गिरमिटासारख्या हातयंत्राने बर्फात भोक पाडतात. ते जेमतेम वीतभरही रुंद नसते. मासा वर यावा आणि माणसाचा पाय आत जाऊ नये, असा त्याचा बेत. भोकात बर्फाचा चुरा तरंगतो. तो काढायला आपल्या भजी तळायच्या झाऱ्यासारखाच सच्छिद्र डाव असतो. मग बसायला रेनडियरचे कातडे. त्याचे केस आतून हवेने भरलेले असल्यामुळे खालची थंडी वर येत नाही.

गळाची काठी आपल्या गळाच्या मानाने खेळण्यासारखी, हातभरही लांब नसते. दोरी तळाला टेकेपर्यंत सोडायची, मग वीतभर वर घ्यायची, आणि मधूनमधून हलकासा झटका द्यायचा. झटका हलकाच का? मासा थंड रक्ताचा प्राणी. चार अंशांच्या पाण्यात त्याच्या अंगातले सगळे व्यवहार मंदावलेले असतात. तो आमिषामागे धावत नाही. आमिष त्याच्या तोंडाशी न्यावे लागते. एका भोकाशी काही लागले नाही तर दुसरे पाडायचे. इथे कसब कमी आणि धीर जास्त लागतो.

इनारीत पांढऱ्या मांसाचा व्हाइटफिश, थंड पाण्यातला चार, ट्राउट, पर्च, पाइक अशा जाती मिळतात. सगळ्यांत नवलाचा बर्बट. हा समुद्रातल्या कॉड माशाच्या कुळातला, पण गोड्या पाण्यात राहणारा. बाकीचे मासे थंडीत सुस्तावतात, तेव्हा हा ऐन हिवाळ्यात, बर्फाखालच्या अंधारात अंडी घालतो.

फिनलंडच्या कायद्यातली एक बाब मला फार मोलाची वाटली. तिथे अशा साध्या गळाने बर्फावर मासे धरायला कुणालाही परवाना लागत नाही, मग तो देशातला असो वा परदेशातला. सॅल्मनसारख्या माशांच्या वाहत्या पाण्यात आणि बंदी असलेल्या जागी मात्र मनाई असते. तळे, रान, रानातली बोरे-आळंबी यांवर सर्वांचा हक्क, पण कुणाचे नुकसान न करता, अशी ती जुनी समजूत आहे.

हिमावरची पावले

दुपारचा निळा उजेड मावळू लागला की मंडळी काठावर येतात. लाकडी आडोशाखाली शेकोटी पेटते, कॉफी होते, आणि मग रानाची वाट. इथे हिम गुडघ्याएवढे किंवा मांडीएवढे असते. साध्या बुटांनी चालले तर प्रत्येक पाऊल खड्ड्यात जाते. म्हणून बुटांखाली रुंद जाळीचे जोडे बांधतात.

यामागचे गणित सोपे आहे. साठ किलो वजनाचा माणूस एका पायावर भार देतो तेव्हा बुटाच्या सुमारे २०० चौरस सें.मी. तळव्यावर ते सगळे वजन येते, म्हणजे दर चौरस सें.मी.ला ३०० ग्रॅम. जाळीच्या जोड्याचे क्षेत्रफळ सुमारे १,२०० चौरस सें.मी. धरले, तर तेच वजन दर चौरस सें.मी.ला ५० ग्रॅम होते. दाब एकषष्ठांशावर आला! चिखलात फळी टाकून तिच्यावरून चालतो, त्यातलाच हा प्रकार. निसर्गाने ही युक्ती आधीच केली आहे. तिकडच्या सशाचे मागचे पंजे रुंद व केसाळ असतात, हिमकोंबडीच्या पायांवर पिसे असतात आणि रेनडियरचे खूर पसरट असतात.

या जाळीदार जोड्यांचा मोठा वारसा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. ते लाकडाची चौकट वाकवून तीवर कच्च्या कातड्याच्या वाद्या विणत. लॅपलंडची स्वतःची जुनी चाल म्हणजे लांब पट्ट्यांवरून घसरत जाण्याची, स्कीची. उत्तर स्वीडनमधल्या काल्वट्रेस्क येथे दलदलीत सापडलेली स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. पण स्की शिकायला दिवस लागतात, जाळीच्या जोड्यांना पाच मिनिटे पुरतात. म्हणून पाहुण्यांच्या सहलीत जोडे आले.

या चालण्यातला खरा शत्रू थंडी नव्हे. तो आहे घाम. चढावर जोरात चालले की अंग तापते, कपडे ओले होतात आणि थांबताच तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही, म्हणून आत लोकर घालतात. कपडे एकावर एक पातळ थरांचे असतात आणि चालताना एखादा थर काढतात. वाटाड्या मुद्दाम सावकाश चालतो. मागच्या तरुण मंडळींना तो मंद वाटतो. पण त्याचा वेग त्याच्या पायांनी ठरत नसून मागच्यांच्या घामाने ठरतो.

आकाशातला प्रकाश

आता रात्र. ध्रुवप्रकाशाला फिनिश भाषेत 'रेवोन्तुलेत' म्हणतात, म्हणजे 'कोल्ह्याच्या ज्वाळा'. कोल्हा डोंगरावरून धावताना त्याच्या शेपटीने उडवलेल्या हिमाच्या ठिणग्या आकाशात जातात, अशी लोककथा आहे.

शास्त्र असे सांगते. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो आणि तो दोन-चार दिवसांत पृथ्वीपर्यंत येतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूला लांब शेपटासारखे ताणले जाते. त्या शेपटात साठलेली शक्ती मोकळी झाली की इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडे वेगाने धावतात आणि वरच्या विरळ हवेतल्या अणूंवर आदळतात. धक्का बसलेला अणू ती शक्ती प्रकाशाच्या रूपाने परत करतो. जुन्या टीव्हीच्या काचेवर याच रीतीने चित्र उमटत असे. हे आदळणे चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात सर्वाधिक होते, आणि इनारी त्या कड्याखाली येते.

हिरवा प्रकाश प्राणवायूच्या अणूंचा, साधारण १०० ते १५० कि.मी. उंचीवरचा. तांबडाही प्राणवायूचाच, पण २०० कि.मी.च्या वरचा. एकाच वायूचे दोन रंग कसे? धक्का बसल्यावर हिरवा प्रकाश द्यायला अणूला एक सेकंदही लागत नाही, तांबडा द्यायला मात्र दोन मिनिटांच्या जवळपास लागतात. खालच्या दाट हवेत एवढ्या वेळात दुसरा अणू येऊन आपटतो आणि शक्ती वाया जाते. वरच्या एकांतातच तांबडा प्रकाश फुलतो. पडद्याच्या खालच्या कडेला कधी जांभळी झालर दिसते ती नायट्रोजनची.

ध्रुवप्रकाश आणि चुंबकसूची यांचा संबंध स्वीडनमध्ये सेल्सिअस आणि हियोर्टर यांनी १७४१ साली ओळखला. आकाश पेटले की होकायंत्राची सुई थरथरते, असे त्यांना आढळले. पुढे नॉर्वेच्या बिर्केलांड यांनी निर्वात पेटीत चुंबकित गोळा ठेवून, त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून, प्रयोगशाळेतच ध्रुवप्रकाशासारखी कडी उमटवून दाखवली. इनारीच्या दक्षिणेस सोदांक्युला येथे १८८२ ते १८८४ या काळात फिनिश शास्त्रज्ञांनी निरीक्षणे केली होती. पुढे तिथेच कायमची वेधशाळा उभी राहिली.

वाटाड्यापुढे तीन प्रश्न असतात. आकाश निरभ्र आहे का? पुरेसा अंधार आहे का? आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र खवळले आहे का? तिसऱ्याचे उत्तर आता उपग्रह देतात. पृथ्वीपासून १५ लाख कि.मी.वर, सूर्याच्या दिशेने, काही याने हा वारा मोजत असतात. त्यांत ६ जानेवारी २०२४ रोजी तिथे पोचलेले आपले आदित्य-एल१ही आहे. तिथून पृथ्वीपर्यंत वारा यायला अर्धा-एक तास लागतो. तेवढीच खात्रीची पूर्वसूचना मिळते. बाकी सगळा अंदाज. सोदांक्युलाच्या आसपास निरभ्र काळोख्या रात्रींपैकी साधारण निम्म्या रात्री प्रकाश दिसतो. म्हणजे निम्म्या रात्री दिसत नाही! आणि दिसला तरी तो छायाचित्रातल्याइतका गडद नसतो. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. कॅमेरा काही सेकंद उघडा ठेवून प्रकाश साठवतो, डोळा साठवू शकत नाही. अनेकांना प्रथम तो राखी ढगच वाटतो. प्रामाणिक वाटाड्या हे आधी सांगतो.

ध्रुवप्रकाश आणि अलिबाग

हे सगळे फार दूरचे वाटेल. पण ज्या सुईची थरथर लॅपलंडात ध्रुवप्रकाश सांगते, तीच सुई आपल्या जिल्ह्यातही आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेत. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याला झाली. आजही त्या वादळाचा अभ्यास करणारे जगातले शास्त्रज्ञ ती नोंद काढून पाहतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुईच्या नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवण्यात आले. सुईला ओढेल असे लोखंड टाळून इथली इमारत बांधलेली आहे.

त्याहून मोठे नवल ४ फेब्रुवारी १८७२ चे. त्या रात्री इतके मोठे वादळ झाले की ध्रुवप्रकाश मुंबईहून दिसल्याचे वृत्त नोंदले गेले आहे. ज्यांनी तो पाहिला त्यांना तो काय वाटला असेल? कुठे वणवा लागला, की काही अशुभ घडणार? अगदी अलीकडे, १० व ११ मे २०२४ च्या रात्री, लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्याने क्षितिजावर तांबडी आभा टिपली. तांबडीच का, ते वर आलेच आहे. हिरवा भाग खाली, पृथ्वीच्या वळणाआड राहतो. दूरून दिसतो तो फक्त उंचावरचा तांबडा.

तळ्याचे खरे धनी

इनारी ही सामी लोकांची भूमी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत विखुरलेला हा मूळचा समाज. सामी म्हटले की रेनडियरचे कळप डोळ्यांपुढे येतात, पण इनारी सामी ही शाखा परंपरेने तळ्यावर मासेमारी करून जगणारी. पाहुण्यांचा छोटा गळ ही गंमत झाली. त्यांची खरी मासेमारी बर्फाखाली जाळे टाकण्याची. ओळीने भोके पाडायची, लांब काठीने दोरी एका भोकातून दुसऱ्याकडे सरकवत न्यायची आणि मागोमाग जाळे ओढायचे. पाण्याच्या आत, न दिसणाऱ्या जागी, जाळे ताठ उभे करायचे!

त्यांची भाषा बोलणारे काही शेच आहेत. १९९७ पासून लहान मुलांसाठी 'भाषेची घरटी' म्हणजे केवळ त्याच भाषेत चालणाऱ्या बालवाड्या निघाल्या आणि मरू घातलेली भाषा पुन्हा घराघरांत आली. परंतु प्रवासी वाढले तसे सामी वेष भाड्याने घालून, खोटे विधी रचून पाहुण्यांना रिझवण्याचे प्रकारही झाले. म्हणून फिनलंडमधील सामी संसदेने २०१८ साली जबाबदार पर्यटनाची तत्त्वे ठरवून दिली. आमचे जीवन दाखवायचे तर खरे दाखवा आणि आम्हांला विचारून दाखवा, असा त्यांचा आशय आहे.

दुसरे संकट हवेचे. १९७९ पासून उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे फिनिश शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवून दिले. तळी उशिरा गोठू लागली आहेत आणि लवकर मोकळी होत आहेत. भर हिवाळ्यात पाऊस पडून पुन्हा गोठला की जमिनीवर बर्फाचे कवच बसते. रेनडियर हिम उकरून खालचे दगडफुलासारखे शैवाक खातो, पण कवच त्याला फुटत नाही. आजोबांनी सांगितलेली 'अमुक तारखेनंतर तळे पक्के' ही खूण नातवाला उपयोगी पडेनाशी होते.

वाटाड्याचे 'नाही'

हे वाचताना मला वारंवार घरची आठवण झाली. माझे वडील खाडीत मासेमारी करतात, आई बाजारात मासळी विकते. वडिलांची शाळा चौथीत सुटली. पण उधाण कधी, भांगाची भरती कधी, कोणत्या वाऱ्याला होडी लोटायची नाही, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळते. एखाद्या दिवशी वडील किनाऱ्यावर उभे राहून नुसते पाण्याकडे पाहतात आणि 'आज नको' म्हणून परत फिरतात. त्या दिवशी घरात पैसा येत नाही. तरी त्यांना कुणी का, असे विचारत नाही. हल्ली वाऱ्याचे ठोकताळे चुकतात, असे मात्र ते म्हणू लागले आहेत.

इनारीच्या वाटाड्याचे नेमके हेच आहे. त्याची विद्या मासा मिळवून देण्यात किंवा आकाश पेटवून दाखवण्यात नाही. ती गोष्ट त्याच्या हातातही नसते. आज बर्फ पुरेसा नाही, या वाटेने जायचे नाही, आज आकाश दिसेलच असे वचन मी देत नाही, हे पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला तोंडावर सांगणे, ही त्याची विद्या. त्याला ते 'नाही' म्हणताना नुकसान सोसावे लागते. म्हणूनच त्याच्या 'हो'ला किंमत आहे, आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकून दहा अनोळखी माणसे निर्धास्तपणे पाण्यावरून चालत जातात.

आपण महाविद्यालयात येतो तेव्हा घरच्यांचे हे ज्ञान मागे ठेवून यायचे असते, अशी आपली नकळत समजूत होते. माझ्यासारख्या, घरातून प्रथमच या पायऱ्या चढलेल्या मुलामुलींची तर विशेषच. पण पुस्तकातला चार अंशांचा नियम आणि पहारीच्या ठोक्यावरून बर्फ ओळखणारा कान हे एकमेकांचे वैरी नाहीत. नियम सांगतो बर्फ का पेलतो, आणि कान सांगतो आज, इथे, हा बर्फ पेलेल का. आपल्याला दोन्ही हवीत. सुट्टीत घरी गेल्यावर आपापल्या शेतावरच्या, खाडीवरच्या, रानातल्या वाटाड्यांना 'तुम्हांला हे कसे कळते?' असा एक प्रश्न आपल्यापैकी दोघा-चौघांनी जरी विचारला, आणि उत्तर वहीत उतरवून घेतले, तरी या लेखनाचे सार्थक झाले असे मी समजेन.